आधी डबा, मग कॉम्प्युटर

आमच्या घरात सकाळी साडेआठच्या आत कोणीही फोन चालू करत नसे. यात अध्यात्म वगैरे काही नव्हतं. आम्ही दात बनवतो.

खाली आमची लॅब आहे, वर आम्ही राहतो. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून कॅपा, ब्रिज आणि कवळ्या करून देतो. माझ्या सासऱ्यांनी हे काम चाळीस वर्षं हाताने केलं. त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणतो. मेणात दात कोरताना त्यांना मोजपट्टी लागत नसे, आणि लावणाऱ्याकडे ते अशा नजरेने बघत की त्याने ती खिशात घालावी. मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. वर्षभर त्यांनी तो टेबलाखाली लपवला. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी कॅप परत पाठवली, तेव्हा बाबांनी अवजारं पुसून खोक्यात भरली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "यंत्र मागव."

यंत्र कपाटाएवढं आहे. कॉम्प्युटरवर दाताचं चित्र तयार करायचं, यंत्र ते उचलतं आणि पांढऱ्या चकतीतून दात कोरून काढतं. ते बसवायला आलेल्या माणसाने कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घातलं, "हे कधी बंद पडत नाही" असं सांगितलं, चहा घेतला आणि गेला तो गेलाच. त्याचं म्हणणं खरं ठरलं. कॉम्प्युटर कधी बंद पडला नाही. फक्त यंत्राला तो सापडायचा नाही.

त्याचं असं होतं. जाताना त्या माणसाने यंत्राला एक गोष्ट कायमची शिकवून ठेवली होती: काम घ्यायचं ते दोन नंबरकडून. दुसरं काही ऐकायचं नाही. आणि नंबर कोणाला कुठला द्यायचा हे राउटर ठरवतो. आमच्याकडे त्याला डबा म्हणतात. एक नंबर डब्याने स्वतःला ठेवलेला. चालू झाल्यावर जो पहिला त्याच्याकडे नंबर मागेल त्याला दोन, मग तीन, मग चार, अशी वाटणी. लॅबमध्ये भट्टी असल्यामुळे बाबा रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करत, त्यामुळे डब्याची पाटी रोज कोरी व्हायची आणि सकाळी सगळं पहिल्यापासून. कॉम्प्युटरच्या आधी कोणाचा फोन जागा झाला की दोन नंबर फोनला. मग यंत्र त्या फोनकडे दात मागत बसायचं.

पहिल्या आठवड्यात यंत्र तीन दिवस मुकं होतं. आम्ही सगळ्यांना फोन केले. बाबांनी कोणालाच केला नाही. ते स्टूल घेऊन डब्यासमोर बसून राहिले आणि चौथ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर यादी लिहून भिंतीला लावली. आधी डबा. हिरवा दिवा लागेपर्यंत उभे राहणे. मग कॉम्प्युटर. मग यंत्र. मग बाकीचे.

बाकीचे म्हणजे आम्ही.

तेव्हापासून सहा वर्षं बाबा रोज बरोबर आठला खाली उतरत. अंघोळ झालेली, शर्ट खोचलेला. मेन स्विच, डबा, कॉम्प्युटर, यंत्र, आणि शेवटी जिन्यात येऊन वर ओरडत, "लावा!" मग आम्ही फोन लावायचो. पाहुणे आले तर त्यांचेही फोन रात्री झोपताना बंद करून घेतले जात. एकदा नवऱ्याचा मित्र मुक्कामाला होता, त्याने कारण विचारलं. नवऱ्याने पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. मित्र नंतर मुक्कामाला आला नाही.

आता कोणी म्हणेल, यादी भिंतीवर होती, हे काम कोणीही केलं असतं. मीही म्हटलं होतं. पण एकदा बाबांना ताप आला आणि त्यांच्या जागी नवरा खाली गेला. डबा लावला, हिरव्या दिव्याची वाट बघत उभा राहिला, आणि उभ्या उभ्या कंटाळा आला म्हणून खिशातला फोन काढून चालू केला. यंत्र दुपारपर्यंत ठप्प. बाबा तापातून उठून खाली आले, फक्त यादीकडे बोट दाखवून परत गेले. त्या एका सकाळच्या जोरावर त्यांनी पुढची वर्षं काढली. "माझ्याशिवाय यंत्र चालत नाही" हे वाक्य ते इतक्या साधेपणाने म्हणत, की वाद घालणारा माणूसच हलकट वाटावा.

मी वाद घालत नव्हते. मी चिडखोर आहे, पण चालत्या गाड्याला खीळ घालायची हौस मला नाही. माझं डोकं फिरलं ते आत्यांमुळे.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बसने सहा तासांवर त्यांच्या मुलाकडे राहतात. दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि दर रविवारी तेच बोलणं व्हायचं.

"कधी येतोस?"

"येतो गं ताई. इथलं आठचं काम आहे ना."

"एक दिवस दुसरं कोणी करेल."

"नाही जमत ताई कोणाला."

सहा वर्षं. लहानपणी आई गेल्यावर ज्या बहिणीने त्यांना वाढवलं, शाळेत सोडलं, त्यांच्या मारामाऱ्या निस्तरल्या, तिच्याकडे हा माणूस सहा वर्षांत एकदाही गेला नव्हता. मग मागच्या वर्षापासून रविवारचे फोन यायचेच राहिले. आणि महिन्याभरापूर्वी आत्यांच्या सुनेचा मला फोन आला. आत्या विसरायला लागल्या होत्या. आधी चष्मा, मग दिवस, आता माणसं. "परवा त्यांनी आमच्या ह्यांनाच विचारलं, आपण कुठले म्हणून," ती म्हणाली. "मामांना म्हणावं, यायचं तर आत्ता या. आता दिवसाचा भरवसा नाही, ओळखतील तोवर ओळखतील."

मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पेपर वाचता वाचता ऐकलं.

"जायला हवं," ते म्हणाले.

"मग उद्याच निघा."

"उद्या कसं? आठचं कोण करणार?"

मला त्या क्षणी त्या यंत्राचा, डब्याचा, पुठ्ठ्याचा आणि त्यांच्या खोचलेल्या शर्टाचा इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. मला वाटलं, ह्या माणसाला बहिणीपेक्षा आपला मान मोठा वाटतो.

रविवारी मी लॅबमध्ये कॉम्प्युटरसमोर बसले. आठवडाभर वाचून मला एवढं कळलं होतं की कॉम्प्युटरने डब्याकडे नंबर मागितलाच पाहिजे असं काही नाही. त्याला नंबर कायमचा नेमून देता येतो. त्याला स्टॅटिक म्हणतात. मग तो कधीही चालू होवो, पहिला असो की शेवटचा, "मी दोन" म्हणून मोकळा. माझ्या स्वभावाला हे एकदम पटलं.

काम एका फाइलीत दहा-बारा ओळी लिहिण्याचं होतं. डब्याकडे मागू नकोस. तुझा नंबर हा. बाहेर जायचा रस्ता डब्यातून. इंटरनेटवरची नावं विचारायची तीही डब्यालाच. इतकं सरळ. पण त्या फाइलीत जेवढी किंमत शब्दांना, तेवढीच आधीच्या मोकळ्या जागेला. कुठली ओळ कुठल्या ओळीच्या पोटात आहे हे ती जागा बघून ठरतं. मी फाइल लिहिली, लागू कर म्हणून हुकूम दिला, आणि कॉम्प्युटरने चूक दाखवली. दुरुस्त केली, त्याने दुसरी दाखवली. तीही केली, तर पुन्हा पहिली दाखवली. नवरा शेजारी बसून मला धीर देत होता, त्यामुळे मी त्याला वर पाठवलं.

दीड तासाने मागून आवाज आला, "सहावी ओळ आत गेलीय."

बाबा मागे दारात उभे होते. केव्हा आले कळलं नाही. मी काय करतेय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण पुठ्ठा मी भिंतीवरून काढून टेबलावर ठेवला होता, म्हणजे सांगायला फारसं उरलंही नव्हतं.

"कुठे आत?"

"थोडीशी. वरच्या दोघींच्या रांगेत नाही."

मी स्क्रीनला नाक लावून बघितलं. खरंच एक जागा जास्त पडली होती. फक्त एक. त्यांनी ती सहा फुटांवरून, उभ्या उभ्या, चष्म्याशिवाय पाहिली होती. हात गेला होता, नजर जागच्या जागी होती, आणि आम्ही सहा वर्षांत त्यांना एकही दात दाखवला नव्हता. मला लाज वाटली. ती मी त्या दिवशी कोणाला बोलून दाखवली नाही.

"मला सांगायचं नव्हतं," बाबा म्हणाले. "पण वाकडं दिसलं की राहवत नाही."

मी ओळ मागे घेतली. हुकूम दिला. कॉम्प्युटरने काहीच म्हटलं नाही, आणि लिनक्सच्या भाषेत काही न म्हणणं म्हणजे शाबासकी. कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा लावला. दोन नंबर. घरातले सगळे फोन चालू असताना दोन नंबर. यंत्राला एक दाढ दिली, त्याने मुकाट्याने कोरायला घेतली.

"उद्या झोपा निवांत," मी म्हटलं. "आणि बुधवारचं तिकीट काढू का?"

"बघू, सूनबाई," बाबा म्हणाले आणि वर गेले.

ते मला एरवी नुसतं अगं म्हणतात. सूनबाई म्हणाले की समजायचं, बिनसलंय.

सोमवारी मी आठला खाली आले तर बाबा आधीच हजर. अंघोळ झालेली, शर्ट खोचलेला. मेन स्विच लावलेला, डबा चालू, कॉम्प्युटर चालू, यंत्र चालू. पण यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं, काम सापडत नाही.

"चालत नाहीये," बाबा म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण फार नव्हतं.

मी फाइल बघितली. जशीच्या तशी. कॉम्प्युटर सांगत होता, मी दोन. यंत्र सांगत होतं, दोन कुठे आहे? मध्येच दोन मिनिटं सगळं चालायचं आणि पुन्हा लाल. दुपारच्या आत चार कॅपा भट्टीत जायला हव्या होत्या. मी जिन्यातून ओरडले, "कोणाचा फोन चालू आहे?" नवऱ्याने वरून दोन्ही हात वर करून दाखवले. त्यातल्या एकात ब्रश होता.

मग मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. खिडकीबाहेर भिंत आहे.

"बाबा."

त्यांनी खिशातून फोन काढून टेबलावर ठेवला. चालू होता. मी त्याचा नंबर बघितला. दोन.

"डबा लावला, आणि आधी हा लावला," ते म्हणाले. "मग कॉम्प्युटर. तू म्हणालीस ना, कसंही लावा चालेल. म्हणून बघितलं. नाही चालत."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण चूक माझी होती. कॉम्प्युटरला मी सांगितलं होतं की तू दोन. डब्याला कोणी सांगितलं होतं? तो बिचारा रोजच्यासारखा पहिल्या मागणाऱ्याला दोन देऊन मोकळा झाला, आणि आता घरात दोघे जण दोन होते. रविवारी हे दिसलं नाही, कारण रविवारी मी डबा बंदच केला नव्हता. कॉम्प्युटर दहा वेळा बंद केला असेल, पण डब्याला आणि मेन स्विचला हात लावायचा नाही हे सहा वर्षांत आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की तपासणी करताना मला ते सुचलंसुद्धा नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात ते पाच मिनिटांत कळलं असतं.

डब्याचा पासवर्ड त्याच्याच पोटाला चिकटवलेला होता. बाबा बघत उभे राहिले. तो घालून मी पडद्यावर डब्याचं आतलं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, वाटप दोनपासून सुरू. मी ते शंभरपासून केलं. शंभराच्या खालचं तू वाटायचं नाहीस, ते आमचं.

"झालं?" बाबांनी विचारलं.

"बघू," मी म्हटलं आणि मेन स्विच खाली ओढला. माझ्या हाताने, सहा वर्षांत पहिल्यांदा. सगळं बंद झालं, पंखासुद्धा. दहापर्यंत मोजून स्विच वर केला. "आता तुमचा फोन लावा. सगळ्यांच्या आधी. मग माझा. मग त्याचा. कॉम्प्युटर शेवटी."

बाबांनी फोन लावला. त्यांचा अंगठा दोनदा चुकला, मी मदत केली नाही. त्यांना शंभर मिळाला. मला एकशे एक, नवऱ्याला एकशे दोन. मग मी यंत्र लावलं, आणि सगळ्यात शेवटी, उलट्या क्रमाने, कॉम्प्युटर. लाल अक्षरं गेली. यंत्राने चकती पकडली, पाण्याची धार सोडली आणि पहिली कॅप कोरायला घेतली.

आम्ही दोघे काचेतून बघत उभे होतो. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बाजूला बघितलं तर बाबांचा हात थरथरत होता, आणि त्यांनी तो लपवला नव्हता.

"आता काय सांगू तिला?" ते म्हणाले.

"कोणाला?"

"ताईला. आठचं काम आहे असं सांगायचो. आता काय सांगू?"

"सांगायचं कशाला? जायचं."

यंत्र कॅपेची एक बाजू संपवून दुसऱ्या बाजूला लागलं.

"मागच्या वर्षी," ते म्हणाले, "फोनवर बोलता बोलता तिने मला विचारलं, आपण कोण बोलताय. अर्धा तास बोलून झाल्यावर. मी म्हटलं, राँग नंबर, आणि ठेवून दिला. नंतर मी उचललेच नाहीत तिचे फोन. तुम्हाला वाटलं, तीच करत नाही." त्यांनी नाक पुसलं. "फोनवर एक वेळ ठीक आहे. समोर जाऊन उभा राहिलो आणि तिने ओळखलं नाही, तर मी काय करायचं गं? मला आईचा चेहरासुद्धा आठवत नाही. मला तीच आठवते."

आणि मी आठवडाभर त्यांना मानाला हपापलेला म्हातारा समजत होते. मला स्वतःचा राग आला, त्यांची कीव आली, आणि काहीतरी शहाणपणाचं बोलावंसं वाटलं.

"बरोबर येऊ का?" मी विचारलं.

"नको. तू आलीस तर मी तुझ्या मागे उभा राहीन."

"मग एकटे जा. घाबरलात तर परत या. बस रोज आहे."

"तेवढं सोपं आहे का?"

"नाही," मी म्हटलं.

पहिली कॅप निघाली. मी ती धुऊन त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी उजेडाकडे धरून फिरवून बघितली, मागची कड जाड आहे म्हणाले, आणि होती. मी ती पुन्हा करायला टाकली. मग त्यांनी बुधवारचं तिकीट काढायला सांगितलं.

बुधवारी पहाटेच ते गेले. आठ वाजता नवरा खाली उतरला, मेन स्विच लावला आणि कुठलाही क्रम न पाळता सगळं एकदम चालू केलं. सगळं चाललं. साडेआठला आम्ही दोघे जिन्याकडे बघत होतो. फोन आमचे केव्हाचे चालू होते. त्यांचा काही आला नाही.

दुपारी बस पोचली असणार. तीन वाजले, चार वाजले. मी करणार नव्हते, पण साडेचारला मीच केला. तिसऱ्या घंटीला त्यांनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"पोचलात?"

"हो."

"भेटल्या?"

"हो. पलंगावर बसली होती. बरी आहे. केस पांढरे झालेत सगळे."

"ओळखलं?"



"नाही," बाबा म्हणाले. "कोण आपण म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. तर म्हणाली, अरे वा, या नावाचा माझाही एक भाऊ आहे. पण तो फार कामात असतो, त्याला यायला जमत नाही."

मी जिन्यात खाली बसले.

"बाबा, परत येताय का? रात्रीची बस आहे."

"नाही गं," ते म्हणाले. "इतक्या लांबून आलात, जेवायला थांबा म्हणाली."

"मग?"

"मग थांबलोय."